ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

दोस्तांनो, पहाटे भाजीची पोती आणि दुधाचे कॅन घेऊन धावणारी पिकअप तुम्ही नेहमी पाहता. कुणाच्या घरीही अशी गाडी असेल. गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की एक तक्रार हमखास ऐकू येते, "ब्रेक मारला की गाडी नुसती थरथरते!"

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं टायर बदला, कुणी म्हणतं पॅड बदला. अंदाजाने बदलत बसलं तर हजारो रुपये जातात आणि थरथर तशीच राहते! डॉक्टर औषध देण्याआधी नाडी बघतात ना? गाडीचंही तसंच आहे.

आधी ब्रेक काय करतो ते समजून घेऊ. बहुतेक पिकअपना पुढच्या चाकांत लोखंडी चकती, म्हणजे डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत पकडतात. मागच्या चाकांत ड्रम असतो. त्याच्या आत लायनर लावलेले ब्रेक-शू फाकतात आणि ड्रमला घासतात. घासलं की उष्णता आलीच! माल भरलेली २ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबली, तर पाऊण लिटर थंड पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता तयार होते. वेग दुप्पट झाला, तर ती चौपट होते!

आता थरथर कुठून येते? एक प्रयोग करा. सायकल उलटी उभी करा. पुढचं चाक हळू फिरवा आणि खडू रिमच्या अगदी जवळ स्थिर धरा. चाक 'आऊट' असेल, तर खडूची खूण एकाच जागी उमटेल. अशा सायकलचा ब्रेक दाबला की दर फेरीला एक झटका बसतो. पिकअपच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला, तर ताशी ६० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८ फेऱ्या मारतं. म्हणजे सेकंदाला ८ झटके! तीच आपली थरथर. वेग कमी झाला की तीही संथ होते.

ही नाडी बघायची कशी? ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल, तर संशय टायरवर किंवा चाकाच्या बॅलन्सिंगवर घ्यावा. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा पुढच्या डिस्क दोषी. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि गाडीचा तळ हादरतो? मग मागचे ड्रम बघावेत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर अगदी कमी वेगात जाणकार ड्रायव्हर हँडब्रेक हळूच ओढून पाहतो. तो बहुतेक पिकअपमध्ये मागच्याच चाकांना लागतो. तेव्हाही थरथर आली, तर मागच्या ड्रमवरचा संशय पक्का! अर्थात, ही परीक्षा मोठ्यांनीच करायची बरं का!

यापुढचं काम गॅरेजमधलं. चाक काढून मेकॅनिक आधी बेअरिंग ढिलं आहे का ते बघतो. मग डायल गेज लावून डिस्क फिरवतो. हे गेज म्हणजे आपल्या खडूचा हुशार भाऊ! मायक्रोमीटरने तो डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजतो. "डिस्क वाकली" असं सगळेच म्हणतात, पण पुष्कळदा ती वाकलेली नसतेच. ती कुठे जाड, कुठे पातळ झालेली असते. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही जाणवू शकतो. आपला केससुद्धा याहून जाड असतो!

उपाय दोषाप्रमाणे ठरतो. डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंज साचला असेल, तर तो घासून काढला तरी कधीकधी काम भागतं. पॅड सरकवणाऱ्या पिना अडकल्या असतील, तर त्या साफ करून योग्य ग्रीस लावतात. डिस्क किंवा अंडाकृती झालेला ड्रम लेथवर तासून घेता येतो. मात्र कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर तो भाग बदलायलाच हवा. शेवटी चाकाचे नट समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळायचे. एक घट्ट, एक सैल झाला की डिस्क पुन्हा तिरकी बसू शकते.

एक महत्त्वाची सूचना. ब्रेकची काळी धूळ कधीही फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानेच ती पुसायची.

ओतूर, आळेफाट्याकडची भाजी माळशेज घाटातून कल्याणला उतरते. अशा लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला, तर तो तापून नीट पकडेनासा होतो. म्हणून शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरतो. थरथर हा गाडीने दिलेला इशारा आहे. 'चालतंय की' म्हणून तो टाळला, तर धोका एकट्या ड्रायव्हरला नसतो, रस्त्याने शाळेत जाणाऱ्या तुम्हा मुलांनाही असतो.

तेव्हा घरची गाडी थरथरली, तर बाबांना किंवा काकांना विचारा, "स्टिअरिंग हलतं की सीट?" बघा, या एका प्रश्नाने मेकॅनिकचं निम्मं काम होतं की नाही!