मानधनावरचं आरोग्य

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 साली जामखेडला आलं तेव्हा तो भाग दुष्काळाने पिचलेला होता. दवाखाना उघडून रोग्यांची वाट पाहत बसण्यात हशील नाही, हे दोघांनी लवकर ओळखलं. आरोग्याच्या कामासाठी गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. बाळंतपण, लसी, पिण्याचं पाणी, सगळं त्या बघू लागल्या.

1977 च्या 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारनेही दर हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमायला सुरुवात केली. महिना 50 रुपये. निवड झाली ती बहुतेक पुरुषांची. पुढे ‘कार्यकर्ता’ हा शब्दही खोडून ‘स्वयंसेवक’ केला गेला. कार्यकर्ता उद्या पगार मागेल, स्वयंसेवक कशाच्या तोंडाने मागणार! योजना हळूहळू विरून गेली, शब्द मात्र चिकटून राहिला.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी केलेलं एक साधन मला फार आवडतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. आकडेमोड न येणारी सुईणही निदान करू लागली. नंतर 39 गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने 1999 मध्ये हे छापलं.

त्याच धर्तीवरची घरभेट 2011 पासून सरकारी आरोग्य योजनेतल्या ‘आशा’ताईंच्या कामात आली. आशा 2005 पासून गावोगाव होत्याच, पदाने स्वयंसेविका. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, महाराष्ट्रात जीवनदायी विमा योजना सुरू झाली. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. मोठ्या ऑपरेशनचे पैसे त्यातून मिळतात, आणि ते हवेतच. पण माणूस ऑपरेशनपर्यंत पोचू नये म्हणून दारोदार फिरणारीला मोबदल्यासाठी 2023-24 मध्ये दोनदा संपावर जावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरव केला, त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर नंतरच्या सहा घरभेटींचे 2011 च्या नियमाने आशाला 250 रुपये ठरले. बाळाचं वजन नोंदलेलं हवं, जन्माची नोंद हवी आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.