गुबगुबीत, केसाळ आणि भलतीच खटपटी

हरितगृहातल्या टोमॅटोला वारा लागत नाही आणि फूल हललं नाही तर पराग झडत नाहीत. म्हणून युरोपात पूर्वी मजूर हातात थरथरणारं यंत्र घेऊन झुपक्यामागून झुपके हलवत फिरायचे. १९८५ मध्ये बेल्जियमच्या रोलांड द योंगे यांनी हे काम बंबलबीवर सोपवून पाहिलं. बंबलबी म्हणजे आपल्या भुंग्याची थंड हवेतली केसाळ चुलतबहीण. ती परागकोश जबड्यात पकडते, पंख न हलवता उडायचे स्नायू तेवढे थरथरवते आणि पराग भुरभुर अंगावर घेते! मधमाशीला ही युक्ती येत नाही. द योंगे पेशाने गुरांचे डॉक्टर. शेतीतज्ज्ञ बसले बघत! दोन वर्षांत त्यांनी कंपनीही काढली. आज बंबलबींच्या वसाहती खोक्यात भरून विकल्या जातात.

कामाचं झालं, आता खेळाचं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका यांच्या चमूने ४५ माश्यांच्या वाटेत छोटे लाकडी गोळे ठेवले. बक्षीस काही नाही, तरी माश्या गोळे लोळवत बसल्या. एकीने तर ११७ वेळा! लहान वयाच्या माश्या यात पुढे होत्या, हे सांगायला नकोच. हा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

उडण्यातही त्या कमी नाहीत. चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरातल्या बंबलबींना पेटीत ठेवून हवा विरळ करत नेली, तर दोन नर ९,००० मीटरवरच्या, म्हणजे एव्हरेस्टच्याही वरच्या हवेत तरंगले. तिथे खायला काय मिळणार, ते विचारू नका.

आणि चिवटपणा? कॅनडात संशोधक सब्रिना रोंडो यांच्या फ्रिजमध्ये झोपलेल्या चार बंबलबी राण्यांच्या नळ्यांत पाणी साचलं. मेल्या असं समजून पाणी ओतून दिलं, तर बाईसाहेब हलायला लागल्या! मग मुद्दाम २१ राण्या आठवडाभर बुडवल्या, १७ जगल्या. हिवाळ्यात त्या मातीत झोपतात, तेव्हा बीळ तुंबलं तरी बेत बिघडत नाही.

आणि परागाची टंचाई असेल तर? तेव्हा या माश्या बिनफुलाच्या झाडाची पानं कुरतडतात. झुरिकच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की अशा टोमॅटोला महिनाभर आधी फुलं येतात. त्यांनी चिमटा-पातं घेऊन तशीच भोकं पाडून पाहिली. फुलं थोडी लवकर आली, पण माशीइतकी घाई झाडाने काही केली नाही.