मोटारीचें निदानपंचक

रोग्याची नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आणि गाडी न चालवितां तिचें यंत्र बदलावयास सांगणारा कारागीर, या दोघांत फारसें अंतर नाहीं, असें आमचें मत गेल्या पावसाळ्यांत बनलें. ज्यानें सारें आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविलें त्यानें मोटारीच्या यंत्राविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु चारही चाकांस गति देणारी मोठी मोटार आतां पुष्कळ कुटुंबांत आली आहे. आणि ती कुरकुरूं लागली म्हणजे घरांतील कर्त्या माणसांची कशी तारांबळ उडते, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. तो अनुभव इतरांच्या उपयोगीं पडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें बिऱ्हाड नव्या मुंबईंत नेरूळ येथें आहे. वडील बंधूंस डोळ्यांच्या उपचारासाठीं दर पंधरवड्यास घाट चढून पुण्यास न्यावें लागतें. ज्येष्ठ महिन्यांत आमच्या पुतण्याची गाडी इमारतीखालच्या वाहनतळांत पुरी वळवितांना अडखळूं लागली. जणूं कोणी मागून धरून ठेवीत आहे. द्रुतगतिमार्गावर मागील बाजूनें घरघरही ऐकूं येई. एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील कारागिरानें पांच मिनिटांत निकाल दिला : "मागचें डिफरन्शियल गेलें. समूळ बदला." त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून पुतण्या गप्पच झाला, कारण त्याच महिन्यांत नातीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती. बंधु म्हणाले, "माझें पुण्याचें जाणें बंद करा, म्हणजे झालें." हे शब्द सर्वांसच लागले.

डिफरन्शियल म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मळणीचें खळें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें सहज कळेल. तिवड्याभोंवतीं बैलांची रांग फिरते, तेव्हां तिवड्याजवळचा बैल संथ चालतो आणि कडेच्या बैलास लांब पल्ला झपाझप तोडावा लागतो. वळणावर गाडीच्या चाकांचेंही असेंच होतें. दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलीं, तर एकास फरफटत जावें लागेल. म्हणून दोघांसही जोर मिळावा, पण आपापल्या वेगानें फिरतां यावें, अशी दांतेरी चक्रांची योजना करितात. सन १८२७ च्या सुमारास पेक्यूर नामक फ्रेंच घड्याळजीनें वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति योजिली.

चारही चाकें जेथें ओढतात तेथें पुढच्या जोडीस मागच्या जोडीहून वेगळा मार्ग क्रमावा लागतो. म्हणून दोहोंच्या मध्यें तिसरें डिफरन्शियल, किंवा तेलांत बुडालेल्या चकत्यांचें कपलिंग घालतात. जुन्या जीपगाडींत अशी मधली योजना नसे. तींत वेगळा दांडा ओढून चारही चाकें जुंपावीं लागत, व तीं चिखलांत किंवा वाळूंतच जुंपावयाचीं असत. कोरड्या डांबरी रस्त्यावर दांडा तसाच ठेवला, तर वळणावर यंत्रास पीळ बसे. आजच्या बहुतेक कुटुंबी गाड्यांत हें काम मधलें कपलिंग आपोआप करितें. त्यामुळें त्याची आठवण ते दुखूं लागेपर्यंत कोणास होत नाहीं.

आतां निदानाकडे वळूं. माधवकरानें आपल्या माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं जीं पांच साधनें धरिलीं आहेत, तीं मोटारीसही लागू पडतात, असें आम्हांस आढळून आलें.

पहिलें साधन निदान, म्हणजे कारण. अलीकडे गाडीस काय केलें, हें आधीं आठवावें. टायर बदलले काय? तेल केव्हां बदललें? गाडी तुंबलेल्या पाण्यांतून गेली काय? पावसाळ्यांत हा शेवटचा प्रश्न विसरूं नये. तापलेल्या डिफरन्शियलची पेटी एकाएकीं थंड पाण्यांत बुडाली म्हणजे आंतील हवा आकसते, व श्वासनलिका चोंदली असल्यास सीलच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. मग तेल दुधाळ होतें आणि बेअरिंगें गंजतात.

दुसरें पूर्वरूप. रोग प्रकट होण्यापूर्वीं तो खुणा देतो. उभ्या गाडीखालीं गंधकाचा वास येणाऱ्या तेलाचे डाग पडणें, चाकाजवळचें रबरी आवरण फाटून आंतील ग्रीस सभोंवार उडणें, हीं तीं चिन्हें होत.

तिसरें रूप, म्हणजे स्पष्ट लक्षणें. गाडी चालूं लागतांना अथवा पुढून मागें गियर टाकतांना "ठक्" असा आवाज झाला, तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची झीज संभवते. वळतांना "कट्-कट्" असा आवाज आला, तर पुढचा सी.व्ही. जॉइंट पाहावा. विशिष्ट वेगास साऱ्या गाडीस कंप सुटला, तर शाफ्टचा तोल किंवा त्याचें मधलें बेअरिंग तपासावें. पूर्ण वळण घेतांना गाडी अडखळली, तर मधल्या कपलिंगचा संशय धरावा.

चौथें उपशय. कशानें बरें वाटतें व कशानें वाढतें, यावरून रोग ओळखणें याचें नांव उपशय. नैयायिक ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात, त्याचाच हा प्रयोग होय. अॅक्सिलरेटर दाबतांना एक सूर व सोडतांना दुसरा निघाला, तर दोष दांतेरी चक्रांकडे असण्याचा संभव अधिक. पायाच्या दाबानें फरक न पडतां गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुकवितांना सूर बदलला, तर चाकाचें बेअरिंग. आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच आवाज बदलला, तर बहुधा टायर. ही परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, चालविणारा एक व ऐकणारा दुसरा, अशीच करावी.

एका रविवारीं पहांटे पुतण्यानें गाडी चालविली व आम्ही मागें कान देऊन बसलों. द्रुतगतिमार्गाच्या काँक्रीटवर घरघर चढे, आणि डांबरी रस्ता लागतांच मंदावे. पाय दाबला काय नि सोडला काय, सूर तोच. गाडी झुकविली, तरीही तोच. म्हणजे घरघरीचा दोष डिफरन्शियलवर ठेवण्यास आधार उरला नाहीं. मग वाहनतळांतील अडखळणें कशाचें? तेव्हां पहिल्या साधनाचें स्मरण झालें, आणि आम्हीं मान खालीं घातली. चैत्रांत पुतण्या चारही टायर बदलणार होता. "मागचे अजून चालतील. दोनच पुरेत," असें सांगणारे आम्हीच होतों!

पांचवें संप्राप्ति, म्हणजे कारणापासून रोग कसा घडत गेला, याचा उलगडा. तो शाळेंतील गणितानेंच झाला. पुढच्या नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल भरली, मागच्या जुन्याची ३. म्हणजे व्यासांत एक सेंटिमीटरचें अंतर. सत्तर सेंटिमीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ४५५ फेरे घेतें, तर एकोणसत्तरचें ४६१. शंभर किलोमीटरांत हा फरक साडेसहाशें फेऱ्यांवर जातो. गाडी सरळ रस्त्यावर असूनही मधल्या कपलिंगास ती सदैव वळणावरच आहे असें भासे. चकत्या अखंड घांसत, तेल तापे व काळें पडे.

दुसऱ्या एका वयस्क कारागिरास आम्हीं ही हकीकत सांगितली. त्यानें आधीं मागच्या डिफरन्शियलचें तेल काढून दाखविलें. चुंबकी बोल्टावर मऊ करडा लेप होता, जो झिजेचा स्वाभाविक अंश होय. धातूचा तुकडा एकही नव्हता. कपलिंगचें तेल मात्र काजळासारखें निघालें. तें बदललें, एकाच मापाचे चार टायर घातले, आणि गाडी पूर्ववत् वळूं लागली. जुन्या टायरांबरोबर घरघरही गेली. "आणखी कांहीं महिने असेंच चालवितां, तर चकत्याच जळत्या," असें तो म्हणाला. पहिल्या आंकड्याच्या अल्पांशांत काम झालें व नातीची फी वेळेवर भरली गेली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अशा गाडीस चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावे, आणि ते ठराविक अंतरानें पुढचे मागें करीत जावे. तसेंच गाडी बंद पडल्यास दोन चाकें उचलून ओढून नेऊं देऊं नये. चारही चाकें वर घेणारें वाहन मागवावें.

पुढल्याच पंधरवड्यास बंधूंस पुण्यास नेलें. खंडाळ्याच्या चढावर ते म्हणाले, "आज गाडी फार शांत आहे." आम्हीं "होय" एवढेंच म्हटलें. दोन टायरांच्या काटकसरीची गोष्ट त्यांच्या कानीं अद्याप घातलेली नाहीं. हा अंक हातीं पडेल, तेव्हां ती त्यांस कळेलच.