काटा थांबला तरी टेप सांगते

दिवाळीचा फराळ संपला, की आमच्या भागातले मैदान पहाटेच गजबजू लागते. नवे बूट, नवे निश्चय! ओळखीची मंडळी चालता चालता मला हमखास विचारतात, "महिन्याभरात दहा किलो उतरेल ना?" संक्रांतीपर्यंत त्यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात.

माणसे आळशी असतात म्हणून हे घडते, असे मला वाटत नाही. मुळात हिशेबच चुकीचा मांडलेला असतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. साठ किलो वजनाचा माणूस तासभर भरभर चालला, तर २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. परतताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला, की जमाखर्च बरोबर! नुसत्या चालण्याने एक किलो चरबी उतरायला महिना उलटतो, तोही खाणे वाढले नाही तर. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी नेमकी तिथूनच जात नाही. आणि घामाने घटते ते पाणी. तांब्याभर प्यायले की काटा पुन्हा जागेवर.

बारीक अंगाच्या वाचकांनीही इथे पान उलटू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२! शिडशिडीत दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. ती पोटात साठली, की मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणून मी काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप ठेवायला सांगतो. पोट आत न ओढता कंबर मोजावी. भारतीय पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सावध व्हावे. व्यायामाने स्नायू भरतात, तेव्हा काटा हलत नाही. टेप मात्र खरे सांगते.

मग करावे काय? आठवड्याला अर्धा किलो, एवढीच अपेक्षा ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडच्या जोर-बैठका त्यात चपखल बसतात. उपाशी राहू नये; चरबीबरोबर स्नायूही झडतात. भाताची एक वाढणी कमी करून वाटीभर उसळ वाढवावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी नसते, हेही लक्षात असू द्यावे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि घरातल्या बाईचे काय? सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले "टाकवत नाही" म्हणून तीच संपवते आणि दिवसभराच्या कामालाच व्यायाम समजते. तिला रोज अर्धा तास मोकळा मिळावा, ही जबाबदारी घरातल्या सर्वांची आहे.

जे पोट सुटायला दहा वर्षे लागली, त्याला जायला वर्षभर तरी द्यायला नको का?