ड्रायरमागची नळी बघितलीत का?

न्यू जर्सीत मित्राच्या घरी ड्रायर पुढे ओढला, तर मागे पांढरी प्लास्टिकची नळी! त्याच दिवशी काढायला लावली.

गरम हवेबरोबर लिंट, म्हणजे कपड्यांचे बारीक तंतू, नळीत जातात. वळ्यांमध्ये साचतात, हवा तुंबते, ड्रायर तापतो. लिंट चटकन पेटतं, प्लास्टिकही पेटतं.

४ इंची, आतून गुळगुळीत धातूची नळी घ्या. सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप लावा. नावाने ‘डक्ट टेप’ असली तरी कापडी टेप उष्णतेने सुटते. आत टोकं येणारे स्क्रू नकोत, लिंट अडकतं. बाहेरच्या तोंडाला जाळीही नको, झडप पुरते.

कपडे एका फेरीत वाळत नाहीत? आधी नळी तपासा.

ड्रायर गॅसवरचा असेल तर जाणकारालाच बोलवा. कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको.

शंका असेल तर नळीचा फोटो टाका, बघून सांगतो.