माळवं फ्रिजमध्ये, आणि आपण चहा-खारीवर

(या भागातलं बोलणं जवळपास जसंच्या तसं इथे उतरवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा.)

इअरफोन लावलेत? जेवण झालंय का व्हायचंय? व्हायचं असेल तर उत्तम, कारण आज भाजीबद्दल बोलायचंय. थांबा, लगेच पुढे ढकलू नका.

मी बोलतेय श्रीपूरहून. माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. आमचं गाव म्हणजे साखर कारखान्याचं गाव. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी १९३४ साली निघाली, तिचा कारखाना इथं उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत मळीचा वास. नजर जाईल तिथं हिरवंगार. आणि एवढ्या हिरव्यातली मी, माझं रक्त निघालं कमी.

झालं असं, की पुण्यात शिकायला होते तेव्हा दोन वर्षं वडापाव, मॅगी आणि चहा-खारी. जिना चढताना धाप लागायला लागली. गावी आल्यावर तपासणी केली तर हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "भाज्या-फळं खा." मला वाटलं मी एकटीच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे हे ऐकणाऱ्या कितीतरी जणींची हीच गोष्ट असणार.

आता खरी गंमत पुढे. घरी भाजी येत नव्हती असं नाही. आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात. बाजाराच्या दिवशी आई पिशवीभर माळवं आणायची. ते तसंच ओलं, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवशी मेथी पिवळी, कोथिंबिरीचा चिखल. उरलेली भाजी चिरून, मग धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून, पाणी ओतून द्यायचं. आणि जेवण झालं की लगेच कपभर चहा. म्हणजे भाजी घरात येत होती, पोटात जात नव्हती.

हे माझ्या लक्षात आणून दिलं आजीनं. मी चिरलेली मेथी नळाखाली धरली होती. ती म्हणाली, "आगं, आधी धू, मग चिर. चिरून धुतलीस तर सगळं सत्त्व पाण्यात जातंय." मी गुगल केलं. आजी बरोबर होती. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं कमी होतं. म्हणून धुणं आधी, चिरणं नंतर, पाणी कमी आणि शिजवणंही बेताचं.

आता लोहाचं बघू. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून भाजी गॅसवरून उतरवल्यावर लिंबू पिळायचं, आधी नाही. आणि चहा-कॉफीतले घटक हेच लोह अडवतात, म्हणून जेवणानंतर निदान तासभर चहा नको. आमच्या घरात भाजी करायला शिकण्यापेक्षा हा चहा सोडवणं जास्त अवघड गेलं, खरं सांगते.

"मग डाळिंब खा की, रक्त वाढतं!" हे मला दहा जणांनी सांगितलं. साहजिक आहे, शेजारी सांगोला आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. डाळिंब मला जीव की प्राण. पण ते लाल आहे म्हणून रक्त वाढतं, असं नाही. त्यात लोह अगदी थोडं असतं. राजगिरा, तांदुळजा, हरभऱ्याचा कोवळा पाला, यांत कितीतरी जास्त. डाळिंब खायचं ते चवीसाठी आणि चोथ्यासाठी. म्हणून रस काढून गाळू नका, दाणे खा. सोलायचा कंटाळा येतो? वरची टोपी कापा, फोडी करा आणि पाण्याच्या भांड्यात बुडवून दाणे सोडवा. दाणे तळाशी बसतात, पांढरं साल वर तरंगतं. हातही लाल होत नाहीत.

आता आमच्याकडचा सगळ्यात सोपा पदार्थ: घोळाणा. गॅस लागत नाही, म्हणजे हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठीच. कोवळी मेथी तीन-चार पाण्यांतून धुवायची, कारण कच्ची खायची आहे. निथळली की बारीक चिरायची. त्यात कांद्याची पात, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, चमचाभर कच्चं तेल आणि लिंबू. हातानं कालवा आणि लगेच खा, ठेवलं की पाणी सुटतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. मेथीचा कडूपणा कुटात हरवून जातो.

दुसरी, भोगीची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण सगळे खातोच: वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, ओले शेंगदाणे, वरून तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. माझा प्रश्न एवढाच, की वर्षातून एकच दिवस का? थंडीभर हे सगळं बाजारात असतं. आणि तिळाचं कूट नुसतं चवीला नसतं. गाजरातल्या ज्या रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. ती तिळातून मिळते.

करताना क्रम पाळा. फोडणीत आधी पावटा, हरभरा, शेंगदाणे, गाजर. ते अर्धवट शिजले की वांगी आणि घेवडा. वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. आतली वाफ आतच राहते, भाजी खाली लागत नाही आणि वरून पाणी ओतावं लागत नाही. कूट शेवटी.

साठवणीचं थोडक्यात. पालेभाजी न धुता निवडा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि पहिल्या दोन दिवसांत संपवा. मग भेंडी, गवार, वांगी. भोपळा, कोबी, गाजर शेवटी, ते टिकतात. केळी बाकीच्यांपासून लांब ठेवा, त्यांच्यामुळे शेजारची फळं-भाज्या लवकर पिकतात.

आणि एक इशारा. आजी बांधावरून तांदुळजा आणि घोळ आणते, फुकट आणि ताजं. पण तिला माहीत असतं कुठल्या शेतात तणनाशक मारलंय. तुम्हाला माहीत नसेल तर खुडू नका, आधी शेतमालकाला विचारा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं. ऐकायला खूप वाटतं. पण सकाळी एक फळ, दोन्ही जेवणांत वाटीभर भाजी आणि सोबत काकडी-मुळा-गाजर, एवढ्यात जवळपास होऊन जातं.

माझं काय झालं? तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८. अजून १२ नाही. आणि यातलं मोठं श्रेय गोळ्यांचं आहे, हे स्पष्ट सांगते. रक्त कमी असेल तर नुसत्या मेथीवर विसंबू नका, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. पण गोळ्या कधीतरी थांबतील. जेवण थांबणार नाही. म्हणून मला ताटाची सवय बदलायची होती.

काल आई बाजारातून आली आणि पिशवी फ्रिजमध्ये न कोंबता माझ्यासमोर ओतली. म्हणाली, "घे, निवड." मग मी, आई, आजी, तिघी बसलो निवडत. चहा मात्र तासाभरानं झाला!

आज रात्री घोळाणा करा आणि कसा झाला ते व्हॉइस नोटवर कळवा. बिघडला तरी कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर जेवून घ्या!