शब्दाचे ऋण

जगण्यास अर्थ कशाने येतो, हा प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्यास केव्हा ना केव्हा पडतोच. त्याची उत्तरे तत्त्वज्ञांनी पुष्कळ दिली आहेत. मी आज ते उत्तर एका माणसाच्या आयुष्यातील एका अवघड प्रसंगात शोधणार आहे. तो माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले, आणि प्रसंग १८९७ सालचा.

गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा. वडील लवकर वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि पंधरा रुपयांच्या पगारातून दरमहा आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. दुसऱ्याने पोटाला चिमटा घेतल्यामुळे ज्याला शिकावयास मिळते, त्याला आपले आयुष्य सर्वस्वी आपलेच आहे असे सहसा वाटत नाही. पदवीधर झाल्यावर गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर शिकवू लागले. भावाकडून घेतलेले त्यांनी अशा रीतीने पुढच्या पिढीस दिले.

१८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि घरतपासणीचे काम गोऱ्या शिपायांकडे होते. त्या तपासणीच्या जाचाच्या तक्रारी पुण्याच्या स्नेह्यांनी गोखल्यांस पत्रांतून कळविल्या. त्यांतच शिपायांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतल्याचा मजकूर होता. पत्रे पाठविणारी माणसे विश्वासातली. गोखल्यांनी तो आरोप विलायतेत जाहीरपणे मांडला आणि 'मँचेस्टर गार्डियन' पत्राने तो छापला. मुंबई सरकारने तो साफ नाकारला. इकडे २२ जून रोजी पुण्यात रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. धरपकड सुरू झाली आणि लोकांच्या तोंडाला कुलूप बसले.

जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले. आरोपाला आधार म्हणून पुढे करता येईल असा पुरावा त्यांना मिळेना. पत्रलेखकांची नावे सांगून अंग काढून घेणे सोपे होते; परंतु ती नावे त्यांनी अखेरपर्यंत उघड केली नाहीत. पुराव्यावाचून आरोप तसाच धरून बसणेही त्यांच्या मनास पटेना. ऑगस्टमध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून आरोप बिनशर्त मागे घेतला आणि शिपायांची माफी मागितली.

दोन्हीकडून त्यांच्यावर निंदेचा वर्षाव झाला. सरकारपक्षाने त्यांना खोटे ठरविले, स्वकीयांनी भित्रे म्हटले. स्वकीयांचा आक्षेप केवळ रागाचा नव्हता. पुरावा हाती नाही, एवढ्यावरून गोष्ट घडलीच नाही असे सिद्ध होत नाही. मग आरोप मागे घेऊन थांबावयाचे होते, माफीपर्यंत कशाला जावयाचे? हा प्रश्न आजही विचारता येईल. परंतु गोखल्यांची दृष्टी निराळी असावी असे मला वाटते. जे मी सिद्ध करू शकत नाही, ते मी जगापुढे सत्य म्हणून मांडले. ही चूक पत्रलेखकांची नव्हे, माझी. शब्द ज्याच्या तोंडून गेला, त्याचे ऋण त्यानेच फेडावयाचे.

येथे परस्परतेचा खरा अर्थ ध्यानात येतो. ज्यांनी विश्वास टाकला त्यांचे देणे गोखल्यांनी मौनाने फेडले, ज्यांच्यावर आरोप केला त्यांचे माफीने, आणि ज्या पुण्याच्या वतीने ते बोलले त्याचे सेवेने. प्लेग पुन्हा उसळला तेव्हा तेच गोखले स्वयंसेवकांसह रोग्यांच्या साहाय्यास धावले. माफीने मनुष्य संपत नाही, हे पुढच्या काळाने दाखविले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले, आणि १९०५ साली त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. स्वतःसाठी द्रव्यार्जन करणार नाही, अशी त्याच्या सभासदांची प्रतिज्ञा असे.

आपणांपैकी फार थोड्यांवर असा प्रसंग येईल. पण त्याची लहान आवृत्ती प्रत्येक घरी रोज घडते. शेजाऱ्याविषयी कानावर आलेली गोष्ट आपण दुसऱ्याच्या कानी घालतो. हातातल्या फोनवर आलेला मजकूर क्षणात दहा ठिकाणी धाडतो. तो खोटा निघाला तर 'मला दुसऱ्याने सांगितले' म्हणून हात झटकतो. 'मी सांगितले, मी चुकलो' असे त्याच दहा जणांना सांगण्यास किती जण तयार असतात?

आयुष्याचा अर्थ कोणी आयता आणून देत नाही. आपण कोणाचे काय लागतो, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावयास बसले म्हणजे तो हळूहळू उमगू लागतो. आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या एखाद्या न फेडलेल्या शब्दाची आठवण झाली, तर उद्या सकाळी त्या माणसाच्या दारी जावे, एवढेच माझे सांगणे.